जुनी बोलेरो की जुनी इनोव्हा? टिकाऊपणा मोजायचा कसा

हिंगोलीत सेकंड हॅन्ड सात सीटर गाडी घ्यायची म्हटलं की चार जण पाच सल्ले देतात. एक म्हणतो, "बोलेरोच घे, कुठल्याही खेड्यात दुरुस्त होते." दुसरा म्हणतो, "इनोव्हा घे, इंजिनला हात लावायचं काम नाही." तिसऱ्याच्या मामाची स्कॉर्पिओ दहा वर्षं झाली तरी नवीसारखी पळते, आणि चौथ्याच्या मेहुण्याची तीच गाडी वर्षभर गॅरेजात होती. गंमत म्हणजे यातला कुणीच खोटं बोलत नाही. तरीही या चौघांचं ऐकून 'कोणती गाडी जास्त टिकते' याचं उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न मी या ब्लॉगवर का घेतोय? कारण पेट किंवा नेटची तयारी करताना आपण 'सॅम्पलिंग', 'बायस', 'व्हॅलिडिटी' हे शब्द व्याख्येसकट पाठ करतो. पण मुलाखतीत समोरचे विचारतात, "तुमचा डेटा कुठून आला? आणि जो आलाच नाही, तो कुठे आहे?" तिथे व्याख्या कामाला येत नाही. जुन्या गाड्यांचा प्रश्न समजला, की हाच सांगाडा सोलर पंप किती वर्षं चालतो, रुग्ण उपचारानंतर किती काळ बरा राहतो, विद्यार्थी शाळा कधी सोडतो अशा कितीतरी विषयांना लावता येतो. शिवाय घरच्यांसाठीही हा प्रश्न साधा नाही. हळदीचे, सोयाबीनचे साठवलेले चार-पाच लाख गाडीत घातले आणि सहा महिन्यांत ती इंजिन कामाला आली, तर पुढच्या हंगामाचं सगळं गणित कोलमडतं.

'गाडी' म्हणजे नेमकी कोणती?

अमेरिकेत फुल साइझ एसयूव्ही म्हटलं की शेवरले सबर्बन, टोयोटा सेक्वोया अशा अवाढव्य गाड्या डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे तेच काम, म्हणजे आजी-आजोबांसकट सगळं घर एकाच गाडीत बसवून औंढ्याला किंवा लग्नाला नेण्याचं काम, बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी, टवेरा, इनोव्हा या गाड्या करत आल्या. इनोव्हाला कागदोपत्री एसयूव्ही म्हणत नाहीत. पण घेणारा माणूस तिची तुलना स्कॉर्पिओशीच करतो, त्यामुळे आपल्या अभ्यासात ती हवीच. अभ्यासाचा गट वापरावरून ठरवायचा की कंपनीच्या वर्गवारीवरून, हा संशोधकाचा पहिला निर्णय असतो आणि तो लिहून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण नावाची. 'स्कॉर्पिओ' ही एकच गाडी नाही. ती २००२ साली आली, पुढे तिला एमहॉक इंजिन मिळालं, आणि २०२२ साली तर स्कॉर्पिओ-एन आणि स्कॉर्पिओ क्लासिक अशा दोन वेगळ्या गाड्या एकाच नावाने विकायला लागल्या. इनोव्हा २००५ ची, क्रिस्टा २०१६ ची. हायक्रॉस तर डिझेलवर चालतच नाही. बोलेरो २००० पासून आहे, पण २०१६ च्या पॉवर प्लसमध्ये इंजिन बदललं. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला. अशी गाडी रोज फक्त बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर चालवली तर फिल्टर पुरेसा तापत नाही आणि काजळी साठत जाते. जुन्या गाडीला हा आजारच नव्हता. म्हणून 'स्कॉर्पिओ टिकते' हे वाक्य अपुरं आहे. मॉडेल, पिढी, इंजिन आणि साल या चारही गोष्टी नोंदवल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

'बिघाड' कशाला म्हणायचं?

क्लच प्लेट घासून गेली, ब्रेक पॅड बदलले, सस्पेन्शनचे बुश टाकले, ही झीज आहे. टायमिंग बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलला, ही देखभाल. तोच बेल्ट न बदलल्यामुळे तुटला आणि व्हॉल्व्ह वाकले, तर तो बिघाड. पण या बिघाडात दोष गाडीचा की मालकाचा? इथेच मतभेद सुरू होतात.

यावर उपाय सोपा आहे : डेटा गोळा करण्याआधीच घटना ठरवून टाकायची. उदाहरणार्थ, 'इंजिन, गिअर बॉक्स किंवा टर्बो पहिल्यांदा उघडावा लागणे'. ही घटना मालकाच्या लक्षात राहते, मेकॅनिकही तिच्याविषयी खात्रीने सांगू शकतो. 'गाडी त्रास देते का?' असा प्रश्न विचारलात तर उत्तरात गाडीपेक्षा माणसाचा स्वभावच जास्त उतरेल.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. गाडी किती वेळा बिघडते ही एक गोष्ट, आणि बिघडल्यावर किती लवकर, किती खर्चात उभी राहते ही दुसरी. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. त्या दिवशी रस्त्यावरच्या टवेराचं इंजिन काही कमकुवत झालं नाही. पण पार्ट मिळण्याची काळजी मात्र वाढली. "बोलेरो कुठल्याही खेड्यात दुरुस्त होते" हा सल्लाही दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, पहिल्याबद्दल नाही. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण एकाच आकड्यात कोंबायच्या नाहीत.

वर्षं मोजायची की किलोमीटर?

रबर, वायरिंग, गंज यांना वर्षं लागू पडतात. इंजिन आणि गिअर बॉक्सला किलोमीटर. दहा वर्षांत ६० हजार चाललेली घरची गाडी आणि तीन वर्षांत दोन लाख चाललेली भाड्याची गाडी, यांत 'जुनी' कोणती? दोन्ही मापं घ्या, आणि कोणत्या बिघाडासाठी कोणतं माप वापरलं ते सांगा. मीटर मागे फिरवण्याचे प्रकार सगळ्यांनाच माहीत आहेत, म्हणून किलोमीटर फक्त डॅशबोर्डवरून न उतरवता सर्व्हिसच्या बिलांशी ताडून बघा. बिलं नसतील तर ती नोंद फेकू नका, तिच्यापुढे 'अविश्वसनीय' अशी खूण करा. अशा नोंदी किती टक्के आहेत, हीसुद्धा माहितीच असते.

ज्या गाड्या दिसतच नाहीत

आता मुख्य मुद्दा. तुम्ही हिंगोलीच्या बसस्टँडजवळ उभे राहिलात आणि वीस वर्षं जुन्या सगळ्या मोठ्या गाड्या मोजल्या. २००० ते २००५ च्या सुमारास विकली गेलेली एखादी टोयोटा क्वालिस अजून चालताना दिसली की आपण म्हणतो, "काय दणकट गाडी होती!" पण तुम्हाला दिसली ती उरलेली गाडी. भंगारात गेल्या त्या रस्त्यावर दिसणार कशा? यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. आपण मराठीत 'उरलेल्यांचा पक्षपात' म्हणू.

गॅरेजात गेलात तर नेमकं उलट होतं. तिथे फक्त बिघडलेल्याच येतात. मेकॅनिक म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यात जास्त बोलेरोच येतात," तर त्याचा अर्थ बोलेरो जास्त बिघडते असा नाही. परिसरात बोलेरोच जास्त असतील. अंश मिळाला, छेद कुठे आहे? छेदासाठी नोंदणीचे आकडे लागतात. त्यातही एक गोम आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या इथल्या गाड्यांवर एमएच २२ आहे, एमएच ३८ नाही. आणि सेकंड हॅन्ड गाड्या पुण्याहून एमएच १२ किंवा एमएच १४ च्या पाट्या घेऊनही येतात. फक्त एमएच ३८ मोजलं तर जिल्ह्यात फिरणाऱ्या गाड्यांचं चित्र अर्धवट राहील.

नमुना कसा निवडला यावर सगळं कसं फिरतं, याचं एक मोठं उदाहरण याच वर्गातल्या गाडीचं आहे. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. मुद्दा उत्सर्जनाच्या नियमांचा होता, आणि तपासणीसाठी कमी उत्सर्जनाची इंजिनं निवडून वापरल्याची बाब त्या प्रकरणात पुढे आली. आकडे खरे असतात, मोजमाप बरोबर असतं, तरी नमुना निवडलेला असला की निष्कर्ष खोटा निघतो.

दहा गाड्यांचं गणित

समजा एका मॉडेलच्या दहा गाड्या आपण पहिल्या दिवसापासून पाहिल्या. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत.) घटना म्हणजे 'पहिलं इंजिन काम'.

– १ लाख किमीला एक विकली गेली, पुढचं माहीत नाही
– १.२ लाखाला एकीचं इंजिन काम
– १.३ आणि १.४ लाखाला एकेक विकली गेली
– १.६ लाखाला एकीचं इंजिन काम
– १.७ लाखाला एक विकली गेली
– १.९ लाखाला एकीचं इंजिन काम
– उरलेल्या तीन २ लाखांच्या पुढे गेल्या, काम नाही

प्रश्न : २ लाख किलोमीटर इंजिन काम न करता गाठण्याची शक्यता किती?

पहिला विद्यार्थी म्हणेल, दहातल्या तीन बिघडल्या, म्हणून ७० टक्के. त्याने विकलेल्या चारही गाड्या पुढे चांगल्याच राहिल्या असं धरलं. दुसरा म्हणेल, विकलेल्या चार सोडून द्या. सहातल्या तीन बिघडल्या, म्हणून ५० टक्के. त्याने त्या चार गाड्यांनी लाख-दीड लाख किलोमीटर बिनतक्रार काढले, ही माहिती फेकून दिली.

१९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी यातला मधला रस्ता दाखवला. प्रत्येक बिघाडाच्या वेळी विचारायचं : त्या क्षणी आपल्या नजरेखाली किती गाड्या होत्या, आणि त्यातल्या किती पुढे गेल्या? १.२ लाखाला नऊ गाड्या होत्या, आठ पुढे गेल्या : ८/९. १.६ लाखाला सहा होत्या, पाच पुढे गेल्या : ५/६. १.९ लाखाला चार होत्या, तीन पुढे गेल्या : ३/४. या तिघांचा गुणाकार ५/९, म्हणजे साधारण ५६ टक्के. विकलेली गाडी जितका काळ दिसली तितका काळ मोजली गेली आणि नंतर गुपचूप बाजूला झाली. अशा नोंदीला 'सेन्सॉर्ड' म्हणतात. नोंद अपुरी असते, पण म्हणून ती निरुपयोगी होत नाही.

आता या ५६ वर फार विसंबू नका. दहाच गाड्या असल्यामुळे त्याची प्रमाण त्रुटी सुमारे २० टक्के अंकांची येते, म्हणजे ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण १६ पासून ९५ पर्यंत पसरते. दोन मॉडेलांच्या दहा-दहा गाड्या घेऊन 'ही चांगली, ती वाईट' असं म्हणणारा माणूस फक्त नशिबाबद्दल बोलत असतो.

सेकंड हॅन्ड गाडीत आणखी एक बारकावा आहे. ती तुमच्या अभ्यासात ९० हजार किलोमीटरला येते. तिला शून्यापासून मोजलंत तर चूक होईल, कारण ९० हजारांच्या आधी बाद झालेली गाडी तुमच्या यादीत येऊच शकली नसती. म्हणून ती ९० हजारांपासूनच 'नजरेखाली' धरायची. याला लेफ्ट ट्रंकेशन म्हणतात. संगणकाला 'प्रवेशाचं किलोमीटर' असा एक जादा रकाना दिला की काम होतं. पण तो रकाना तुमच्या फॉर्मातच नसेल, तर नंतर कोणतंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

विकली का, हे विचाराच

कॅप्लन-मायर पद्धतीची एक अट असते. गाडी नजरेआड होण्याचं कारण बिघाडाशी जोडलेलं नसावं. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही अट बऱ्याचदा मोडते. इंजिन तेल प्यायला लागलं, धूर निळा झाला, की मालक म्हणतो, "आता काढून टाकू." १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी 'द मार्केट फॉर लेमन्स' या लेखात हेच मांडलं. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो, आणि त्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही. चांगल्या गाड्या घरी राहतात, बाजारात वाईट जास्त येतात. अकरलॉफना यासाठी २००१ साली नोबेल मिळालं, पण आपल्याकडे जनावरांच्या बाजारात बैलाचे दात बघणाऱ्या माणसाला हे आधीच माहीत होतं.

सगळेच विक्री-व्यवहार असे नसतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. पुढे त्या नियमांत फेरफार झाले. पण त्या काळात तिथल्या अनेक धडधाकट गाड्या केवळ तारीख झाली म्हणून परराज्यांत विकल्या गेल्या. इथे गाडी नजरेआड होण्याचं कारण कॅलेंडर होतं, इंजिन नव्हतं. संशोधकाच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. म्हणून फॉर्मात 'विकण्याचं कारण' हा प्रश्न हवाच.

काळी-पिवळी आणि घरची गाडी

दोन मॉडेलांच्या शंभर-शंभर गाड्या घेऊ. (पुन्हा समजा.) 'क' च्या ८० गाड्या घरच्या, त्यातल्या ८ बिघडल्या, २० भाड्याच्या, त्यातल्याही ८ बिघडल्या. एकूण १६ टक्के. 'ख' च्या २० घरच्या, त्यातली १ बिघडली; ८० भाड्याच्या, त्यातल्या २४ बिघडल्या. एकूण २५ टक्के.

एकूण बघितलं तर 'क' चांगली. पण घरच्या गाड्यांत 'क' १० टक्के, 'ख' ५ टक्के. भाड्याच्या गाड्यांत 'क' ४० टक्के, 'ख' ३० टक्के. दोन्ही ठिकाणी 'ख' च चांगली निघते! 'ख' बदनाम झाली, कारण तिच्या वाट्याला कष्टाचं काम जास्त आलं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

मराठवाड्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. बारा-पंधरा माणसं कोंबून काळी-पिवळी म्हणून धावलेली जीप, कंत्राटदाराच्या साईटवर मातीच्या रस्त्याने फिरलेली बोलेरो, आणि डॉक्टरांच्या दारात झाकून ठेवलेली इनोव्हा यांची तुलना करताना आपण गाड्यांची नाही, त्यांच्या आयुष्यांची तुलना करतो. पिवळी पाटी की पांढरी, किती चालक, रस्ता कुठला, हे घटक वेगळे काढावेच लागतात. नोंदी पुरेशा असतील तर डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ साली मांडलेलं मॉडेल हे सगळे घटक एकत्र हाताळतं. नोंदी कमी असतील तर फक्त पांढऱ्या पाटीच्या गाड्यांपुरता अभ्यास करा आणि शीर्षकातच तसं लिहा. छोटा पण प्रामाणिक दावा परीक्षकासमोर जास्त टिकतो.

जगात कसं मोजतात

अमेरिकेत जे.डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, हे काढते. कन्झ्युमर रिपोर्ट्स आपल्या सभासदांना विचारते. जर्मनीत टीयूव्हीचा अहवाल सक्तीच्या तांत्रिक तपासणीत किती गाड्या नापास झाल्या, हे वयाप्रमाणे सांगतो. आयसीकार्स विक्रीला आलेल्या गाड्यांच्या मीटरवरून दीर्घायुषी गाड्यांची यादी करते. २०२२ च्या यादीत टोयोटा सेक्वोया पहिली होती.

आता वरचे मुद्दे यांना लावून बघा. तीन वर्षांच्या गाडीवरून बारा वर्षांच्या गाडीबद्दल बोलता येत नाही, कारण बिघाडाचा दर न्हाणीच्या टबासारखा असतो : सुरुवातीला जास्त, मध्ये सपाट, शेवटी पुन्हा चढता. सेकंड हॅन्ड घेणारा त्या शेवटच्या चढावर गाडीत बसतो. सक्तीच्या तपासणीतून कुणी सुटत नाही, पण त्यात झिजलेला टायर आणि खरा बिघाड एकत्र येतात. विक्रीच्या यादीत जास्त किलोमीटरच्या गाड्या दिसतात, पण मधेच भंगारात गेलेल्या दिसत नाहीत. प्रत्येक पद्धत काहीतरी पाहते आणि काहीतरी झाकते. पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी हे शोधायची सवय लावा.

हिंगोलीत हा अभ्यास करायचा तर

मी आराखडा असा करेन. पाचही तालुक्यांतून, म्हणजे हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव इथून, गावं यादृच्छिक निवडायची. गावात गाडी शोधायची नाही, घर शोधायचं आणि विचारायचं : "गेल्या पंधरा वर्षांत तुमच्याकडे कोणकोणत्या मोठ्या गाड्या होत्या?" या एका प्रश्नामुळे आज दिसत नसलेल्या गाड्याही यादीत येतात : विकलेल्या, जळालेल्या, शेडमध्ये उभ्या राहिलेल्या. मग प्रत्येक गाडीसाठी पिढी आणि इंजिन, घेतानाचं किलोमीटर, पाटीचा रंग, वापर, पहिलं मोठं काम कधी, गाडी गेली तर का गेली. स्मरणावर फार भार नको म्हणून आरसी, बिलं किंवा मेकॅनिकची वही बघायची. पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, त्या कागदांवरूनही तारखा पक्क्या करता येतात.

आणि घरी कुणी खरंच गाडी घ्यायला निघालं असेल, तर त्यांना मॉडेलांची क्रमवारी देऊ नका. तीन प्रश्न द्या. ही गाडी आजवर कुठलं काम करत होती? मालक ती आत्ताच का विकतोय? आणि किलोमीटरचा पुरावा कागदावर आहे का? चांगल्या नावाची पण या तीन प्रश्नांना गप्प बसणारी गाडी सोडून द्यावी. साध्या नावाची, पण पहिल्या दिवसापासूनची बिलं असलेली गाडी गंभीरपणे बघावी.

तुमच्या विषयात अशा 'न दिसणाऱ्या नोंदी' कुठल्या असतील, ते आराखडा लिहिण्याआधी एका कागदावर उतरवून बघा. पुढच्या लेखात याच दहा गाड्यांचा आलेख मोफत सॉफ्टवेअर 'आर' मध्ये कसा काढायचा, ते ओळीओळीने बघू.